‘रेंज बंद करा’ असं मराठीत सांगा

प्रति,
मा. संपादक,

विषय : विमानातली ‘फ्लाइट मोड’ची सूचना प्रवाशांना समजेल अशा मराठीत देण्याबाबत

स. न. वि. वि.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. पोलीस खात्याच्या बिनतारी संदेश विभागात ३१ वर्षं नोकरी केली, पश्चिम विदर्भातल्या बऱ्याच कंट्रोल रूममध्ये रात्री काढल्या आणि आता घरची पाच एकर शेती पाहतो. गेल्या माघात नातीच्या बारशासाठी सौ. आणि मी नागपूरहून बंगलोरला विमानाने गेलो. दोघांचाही पहिलाच विमानप्रवास. त्या प्रवासात डोळ्यांदेखत जे घडलं ते अजून मनातून जात नाही, म्हणून हे पत्र.

तिघांच्या रांगेत कडेला मी, मध्ये सौ. आणि खिडकीशी वणीकडच्या एक बाई होत्या. वय साठीच्या आसपास, नऊवारी लुगडं, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. लेकीच्या बाळंतपणाला एकट्याच निघाल्या होत्या. तिकीट जावयाने काढलेलं. भाच्याने नागपूरपर्यंत आणून सोडलं होतं, कारण मुलाच्या वावरात हरभऱ्याची सोंगणी सुरू होती आणि मजूर त्याच दिवशीचे मिळाले होते. हातात बटनांचा साधा फोन, तोही कापडी बटव्यात घालून कमरेला खोवलेला.

विमानाचं दार लागलं. सूचना आधी इंग्रजीत झाली, मग हिंदीत. हिंदी आमच्याकडे सगळ्यांनाच थोडीफार समजते, पण ‘फ्लाइट मोड’ (म्हणजे फोनचं टॉवरशी बोलणं थांबवायची सोय) हे दोन शब्द हिंदीतही इंग्रजीच राहतात. हवाईसुंदरी रांगेतून पाहत पाहत आली, बाईंच्या हातातल्या फोनकडे बोट करून म्हणाली, “मॅम, फ्लाइट मोड.”

बाईंनी आमच्या सौ.कडे पाहिलं. “काय म्हंते वो हे?”

“फोन बंद करा म्हणते.”

“बंदच हाये ना माय. पाह्य, लाईट कुठी हाये त्याले?” असं म्हणून त्यांनी फोनचा काळा पडदा त्या मुलीपुढे धरला. नेमका तेव्हाच तो वाजला. मुलाचा फोन होता, माय बसली की नाही ते विचारायला. बाईंनी सवयीने कानाला लावला. हवाईसुंदरीचा आवाज चढला, “फोन बंद कीजिए, अभी!” पुढच्या चार रांगांनी माना वळवल्या. मागून कुणीतरी हिंदीत म्हणालं, गावाकडची माणसं अशीच असतात. बाईंनी बोलणं अर्धं तोडलं आणि फोन पदराखाली लपवला. लपवला, पण तो चालूच होता. हवाईसुंदरी पुढे निघून गेली.

त्या मुलीला मी दोष देत नाही. तिच्यावर १८० जागांची जबाबदारी, विमान सुटायची घाई, आणि तिने तिचं कामच केलं. पण काम झालं का? बाईंचा अपमान झाला आणि फोनही चालूच राहिला. हे दोन्ही एकाच वेळी झालं, हेच मला सलतं.

मी बाईंना हळूच म्हटलं, “काकू, फोन पुरा बंद करावा लागते. पडदा काळा झाला म्हणजे फोन बंद झाला असं नाही.”

“पुरा बंद केला तं पोरगं घाबरन ना भाऊ. मायचा फोन लागत नाई म्हणून वावर सोडून धावत येईन तो फाट्यावर.”

हे त्यांचं खरं कारण होतं. अज्ञान नव्हतं, हट्टही नव्हता. मी म्हटलं, आधी त्याला सांगा, दोन तास फोन लागणार नाही, उतरल्यावर मीच करीन. विमान अजून जागचं हललं नव्हतं. बाईंनी चार वाक्यांत सांगितलं. मग लाल बटन पडदा मिटेपर्यंत दाबून धरायचं, हे मी दाखवलं आणि त्यांनी स्वतःच्या हाताने केलं. एका मिनिटाचं काम.

आता दुसरी बाजू. माझ्या उजव्या हाताला, वाटेच्या पलीकडे, एक तिशीतले गृहस्थ होते. चांगला सुटाबुटातला माणूस, मांडीवर महागडा फोन. हवाईसुंदरी आली की फोन पालथा, गेली की सुलटा. विमान धावपट्टीकडे वळलं, वेग घेतला, चाकं जमिनीवरून सुटली तरी त्यांचं व्हॉट्सॲप सुरूच. त्यांना कुणी आवाज चढवून बोललं नाही. मी विनंती केली, तर म्हणाले, “अंकल, कुछ नहीं होता.”

हे ‘कुछ नहीं होता’ मी नोकरीत इतक्या वेळा ऐकलं आहे, की त्याचं उत्तर दिल्याशिवाय मला राहवत नाही. आमच्या सौ.नेही त्याच क्षणी घाबरून विचारलं होतं, “खरंच याच्यानं विमान पडते काय?” दोघांना एकच उत्तर लागू पडतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फोन हा रेडिओ आहे, आणि तो ऐकतो तसा बोलतोही. आपण कानाला लावला नाही, खिशात ठेवला, तरी तो अधूनमधून टॉवरला हाक मारतो, ‘मी इथे आहे’ म्हणून सांगतो. टॉवर जवळ असला तर कुजबुजतो, लांब असला तर ओरडतो. आमच्या मेळघाटात धारणीकडे ज्यांनी नोकरी केली त्यांना हे माहीत आहे. सकाळी भरून घेतलेली बॅटरी दुपारी संपते, फोन खिशात गरम होतो, आणि दिवसभरात एकही कॉल झालेला नसतो. रेंज शोधून शोधून, ओरडून ओरडून तो थकलेला असतो. जुन्या टूजी पद्धतीचा फोन टॉवर लांब असला की २ वॅटपर्यंत जोर लावतो. फोरजीचा पाव वॅटाच्या आतच राहतो. आम्ही बंदोबस्तात हातात घेऊन फिरायचो तो वॉकीटॉकी ५ वॅटचा. म्हणजे बाईंच्या हातातलं ते खेळण्यासारखं दिसणारं यंत्र आमच्या पोलिसी सेटच्या जवळजवळ निम्म्या ताकदीचं होतं, आणि त्या गृहस्थांच्या महागड्या फोनपेक्षा जोरकस.

या ओरडण्याचा आवाज आपल्या सगळ्यांच्या कानावरून गेला आहे. गावात भागवत सप्ताह बसलेला असतो, महाराज माईकसमोर असतात, कुणाच्या तरी खिशातला फोन वाजायच्या आधीच भोंग्यातून ‘टिक्‌टिक्‌ टर्रर्र’ असा आवाज येतो. टूजीचा फोन लहरी सलग सोडत नाही, सेकंदाला सुमारे २१७ वेळा तुकड्यातुकड्याने सोडतो. शेजारच्या तारांमध्ये, भोंग्याच्या ॲम्प्लिफायरमध्ये ते तुकडे शिरतात आणि टर्रर्र ऐकू येते. मोबाईल नवे नवे आले तेव्हा आमच्या कंट्रोल रूममध्येही हीच टर्रर्र सुरू झाली. शेवटी आम्ही सेटच्या टेबलापासून हातभर दूर एक लाकडी फळी ठोकली आणि येणाऱ्या प्रत्येकाचा फोन तिच्यावर ठेवायला लावला. हाच आवाज वैमानिकांनाही त्यांच्या कानातल्या हेडफोनमध्ये ऐकू आलेला आहे.

मग त्याने विमान पडतं का? सौ.ला मी सांगितलं तेच इथे लिहितो : एका फोनने विमान पडत नाही. घाबरू नये. प्रवाशाच्या मोबाईलमुळे प्रवासी विमान कोसळलं असं कुठल्याही चौकशीत पक्कं सिद्ध झालेलं नाही. २००३ साली न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चजवळ एक लहान विमान पडलं, आठ माणसं गेली. त्या चौकशीत वैमानिकाच्या स्वतःच्याच चालू मोबाईलमुळे उपकरणाने चुकीचं दाखवलं असेल, अशी शक्यता नोंदवली गेली. शक्यताच, त्याहून जास्त काही नाही. विमानाची यंत्रं आता लहरींपासून आडोसा करून बांधतात, तपासून घेतात. त्यामुळेच नियमही सैल झाले. पूर्वी विमान चढता-उतरताना सगळी उपकरणं बंद ठेवावी लागत. अमेरिकेत २०१३ साली आणि आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१४ च्या एप्रिलात फ्लाइट मोडवर असलेला फोन प्रवासभर वापरायला परवानगी दिली. म्हणजे सरकारने प्रवाशाकडे आता एवढंच मागितलं आहे : फोन वापरा, फोटो काढा, भरून ठेवलेली भजनं ऐका, फक्त त्याचं टॉवरशी बोलणं थांबवा. एवढं थोडकं मागणंही ज्याला जड जातं, त्याने ‘कुछ नहीं होता’ म्हणावं याचं मला वाईट वाटतं.

आणि नियमाचं एक कारण तर आपल्याकडे कुणी सांगतच नाही. अमेरिकेत हवेत मोबाईल वापरायला बंदी झाली ती १९९१ साली, तिथल्या दूरसंचार आयोगाने घातली, आणि काळजी होती जमिनीवरच्या फोनची. हे मला वाचून कळण्याआधी चिखलदऱ्याने शिकवलं होतं. खाली परतवाड्याला सेटवर आपलाच जिल्हा ऐकू यायचा. वर डोंगरावर गेलं की अकोल्याचं बोलणं कानावर पडायचं, मध्य प्रदेशातलंही मध्येच घुसायचं. उंचावर गेलेल्या सेटला सगळे ऐकू येतात आणि त्याचा आवाजही सगळ्यांच्या कानावर आदळतो. चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास, तर विमान १० किलोमीटरहून उंच. तिथून नजरेचा टप्पा साडेतीनशे किलोमीटरच्या पलीकडे जातो. नागपूरच्या वर असताना एकीकडे अकोला आणि दुसरीकडे रायपूर, दोन्ही त्या टप्प्यात. मोबाईलची सगळी रचना अशी, की एक टॉवर आपल्या भोवतीचा थोडासा मुलूख सांभाळतो, आणि तीच लहर थोड्या अंतरावर दुसरा टॉवर पुन्हा वापरतो. टॉवरची तोंडंही जमिनीकडे कललेली असतात. वरून ताशी ८०० किलोमीटरच्या वेगाने जाणारे शेदीडशे फोन एकदम कितीतरी टॉवरांना हाका मारू लागले, तर त्या टॉवरांनी कुणाचं ऐकावं? आणि जोर लावूनही बहुतेक वेळा फोन लागत नाहीच, नुसती बॅटरी जाते.

कुणी म्हणेल, परदेशी विमानांत तर प्रवासी बोलतातही. बरोबर आहे. आपल्याकडेही २०१८ च्या नियमांनी ३००० मीटरच्या वर अशी सेवा द्यायला मुभा दिली आहे, आणि २०२० पासून वैमानिकाच्या परवानगीने विमानातलं वायफाय वापरता येतं, तेही फोन फ्लाइट मोडवर ठेवूनच. पण जिथे बोलू देतात तिथे विमानाच्या आतच एक छोटा टॉवर बसवलेला असतो. टॉवर हाताशी असला की फोन ओरडत नाही, कुजबुजतो. पुन्हा तीच मेळघाटाची गोष्ट, उलट बाजूने.

आता मला ज्यासाठी हे लिहायचं आहे तिथे येतो.

१९९८ सालची गणपती विसर्जनाची रात्र. गावाचं नाव लिहीत नाही. मी कंट्रोलला सेटवर होतो. साडेनवाच्या सुमारास चॅनेलवर जीपच्या इंजिनाची घरघर सुरू झाली आणि थांबेचना. कुठल्या तरी जीपमध्ये माईक सीटच्या फटीत दाबला गेला होता, बटन अडकलं होतं. आमच्या सेटवर एकाचं बटन दाबलेलं असलं की बाकी सगळे मुके. मी हाका मारतो आहे, त्या जीपमधल्या माणसांना ऐकूच येत नाही, कारण त्यांचा सेट ‘बोलतो’ आहे. ते आपसात जेवणाचं बोलत होते, ते सगळा जिल्हा ऐकत होता. त्याच वेळी घाटावर एक दहा-बारा वर्षांचा मुलगा पाण्यात गेला. घाटावरचा शिपाई सेटवर गाडी मागत होता आणि त्याचा एक शब्दही माझ्यापर्यंत पोचत नव्हता. शेवटी त्याने एकाला सायकलवर पिटाळलं. सायकल आली तेव्हा मी घड्याळ पाहिलं, नऊ मिनिटं झाली होती. मुलगा जगला. लोकांनी त्याला उलटं धरून पाणी काढलं, नशीब त्याचं. पण ती नऊ मिनिटं मी सेटसमोर बसून घरघर ऐकत होतो, आणि बाहेर काय चाललं आहे याचा मला पत्ता नव्हता.

त्या जीपमधल्या हवालदाराने मुद्दाम काहीच केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कळल्यावर तो रडला. तो चांगला माणूस होता. त्याच्या मांडीखाली एक बटन दाबलं गेलं होतं, एवढंच.

आमचे सेट एफएमचे. त्यात जोरकस आवाज दुसऱ्याला गिळून टाकतो. विमानाचं बोलणं अजूनही जुन्या एएम पद्धतीने, ११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झमध्ये चालतं. त्यात दोघे एकदम बोलले की दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून कर्कश शीळ निघते. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर धुकं होतं. धावपट्टीवर दोन जंबो विमानं होती. एक उड्डाणाच्या तयारीत, दुसरं अजून त्याच पट्टीवरून चालत येणारं. विमानतळाचा कंट्रोल टॉवर आणि ते दुसरं विमान एकाच क्षणी बोलले. पहिल्या विमानाच्या वैमानिकांच्या खोलीत त्या मोक्याच्या शब्दांच्या जागी काही सेकंदांची शीळ ऐकू आली. ते विमान धावलं. ५८३ माणसं मेली. चुका अनेक झाल्या होत्या, मोबाईलचा तर तेव्हा पत्ताही नव्हता. पण वायरलेसवर काम केलेल्या माणसाला ती शीळ विसरता येत नाही. चढता-उतरताना वैमानिकाच्या कानात येणारा एकेक शब्द मोलाचा असतो, म्हणून १० हजार फुटांखाली तेही कामाशिवाय दुसरं बोलत नाहीत. त्या वेळी त्यांच्या कानात टर्रर्र नको. मला ‘फ्लाइट मोड’चा अर्थ विचाराल तर एवढाच आहे.

सरकारही हे हलक्यात घेत नाही. विमान उतरताना जमिनीपासून किती उंच आहे ते मोजणारा रेडिओ ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्‌झवर चालतो. फाइव्हजीच्या लहरी त्याच्या शेजारच्या पट्ट्यात आल्यावर २०२२ च्या जानेवारीत अमेरिकेला जाणारी काही विमानं रद्द करावी लागली होती. आपल्या दूरसंचार विभागाने त्याच वर्षी नोव्हेंबरात ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्‌झचे फाइव्हजी टॉवर धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २१०० मीटरच्या आत उभारू नयेत असं बजावलं. टॉवरवाल्यांना इतकं मोजून-मापून सांगता येतं, तर प्रवाशाला साधं समजेल असं का सांगता येऊ नये?

कारण आता प्रवासी बदलला आहे. अमरावतीजवळ बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईचं विमान सुटतं. ज्या दारव्ह्याची ‘शकुंतला’ ही जुनी छोटी आगगाडी बंद पडली, त्या भागातले लोक आता लेकीकडे, दवाखान्याला, पोराच्या नोकरीच्या गावी विमानाने जाऊ लागले आहेत. आमच्या गावातून गेल्या वर्षभरात नऊ जण विमानात बसून आले, मी मोजले आहेत. बारशाहून परतल्यावर पारावर मी एकेकाला विचारलं, फोनचं काय केलं होतं? एकाने ‘सायलेंट’ केला होता. सायलेंट केलेला फोन आपल्या कानाला गप्प असतो, टॉवरशी त्याचं बोलणं चालूच. दोघांनी ‘डेटा बंद’ केला होता. डेटा बंद केला तरी कॉल येतोच, म्हणजे फोन टॉवरला धरूनच आहे. एकाने फोन चालू ठेवून पेटीत घातला आणि पेटी सामानात दिली. तिघांनी, त्या वणीच्या काकूंसारखंच, पडदा काळा झाला म्हणजे बंद असं धरलं होतं. दोघांनी मात्र बरोबर केलं होतं. दोघांनाही पुण्याच्या मुलांनी आधी घरी शिकवून पाठवलं होतं. नऊपैकी एकानेही मुद्दाम नियम मोडला नव्हता. सांगितलंच नव्हतं कुणी.

म्हणून माझी मागणी आहे. नागपूर आणि बेलोरा इथून सुटणाऱ्या प्रत्येक विमानात ही सूचना मराठीत व्हावी. विमानतळावरच्या घोषणा आधी स्थानिक भाषेत कराव्यात असं २०१८ सालीच सांगण्यात आलं होतं. ते विमानाच्या दाराशी थांबू नये. आणि मराठीत म्हणजे ‘आपली इलेक्ट्रॉनिक उपकरणे उड्डाण स्थितीत ठेवावीत’ असली मराठी नको. ती काकूंना इंग्रजीइतकीच परकी. आमच्याकडे लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना ‘रेंज’ कळते. रेंज आहे, रेंज गेली, रेंजसाठी गच्चीवर जा. तेव्हा सांगा, ‘फोनची रेंज बंद करा.’ पुढे एकच वाक्य जोडा, ‘वैमानिकाला ऐकू येण्यात अडथळा येतो म्हणून.’ कारण सांगितलं की आमची माणसं ऐकतात. शेतावर विजेच्या खांबाला हात लावू नको म्हटलं तर लावत नाहीत, कारण का ते ठाऊक असतं.

बोर्डिंग पास देणाऱ्या माणसाने बटनांचा फोन दिसला की दोन शब्द विचारावेत. विमानात चढल्यावर १८० माणसांपुढे ओरडण्यापेक्षा खिडकीवर हळू सांगणं सोपं. बऱ्याच बटनांच्या फोनमध्ये फ्लाइट मोड सेटिंगमध्ये कुठेतरी दडलेला असतो, तो शोधत बसू नये, सरळ फोन बंद करायला लावावा. आणि महागड्या फोनवाल्यांनाही त्याच आवाजात सांगावं, ज्या आवाजात काकूंना सांगितलं.

पुण्या-बंगलोरला असलेल्या आमच्या मुलांनाही हात जोडून विनंती. आईबापाचं तिकीट काढता, पैसे भरता, गाडी पाठवता, हे सगळं मोठं आहे. त्यासोबत सुटीत घरी याल तेव्हा पाच मिनिटं जवळ बसा, वरून पडदा खाली ओढून ते छोट्या विमानाचं चित्र दाखवा, त्यांच्याच बोटाने तीनदा दाबून घ्या. आणि फोन लागला नाही तर घाबरू नका, हेही घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

बंगलोरला विमान टेकलं, चाकं थांबली. काकूंनी मला विचारून फोन चालू केला. रेंज यायला अर्धा मिनिट लागलं असेल, आणि लगेच तो वाजला. मुलगाच होता. वावरातल्या बांधावर बसून तो दोन तास फोनकडे पाहत होता, हे त्यानेच मग सांगितलं. काकू एवढंच म्हणाल्या, “पोचलो रे बाप्पा,” आणि डोळ्यांना पदर लावला. मग मला म्हणाल्या, दोन महिन्यांनी एकटीच परत येणार आहे, तेव्हा तुम्ही कुठून असाल, हे मला लिहून द्या. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतचं, मोठं अक्षर वाचता येतं. मी त्यांच्या बोर्डिंग पासच्या मागच्या बाजूला लिहून दिलं. तेच खाली देतो. संपादक महाराज, जागा असेल तर एवढं चौकटीत, मोठ्या अक्षरात छापावं, म्हणजे लोकांना कापून जवळ ठेवता येईल.

विमानात बसलो की आधी घरी फोन करून सांगायचं : आता फोन लागणार नाही, उतरल्यावर मी करीन.
बटनांचा फोन असेल तर लाल बटन दाबून धरायचं, पडदा मिटेपर्यंत.
मोठा फोन असेल तर वरून पडदा खाली ओढायचा, विमानाचं चित्र दाबायचं. वरच्या कोपऱ्यात विमान दिसलं म्हणजे झालं.
विमान उतरून थांबलं, चालू करायला सांगितलं, की चालू करायचा.

आपला विश्वासू,
एक वाचक
(निवृत्त, पोलीस बिनतारी संदेश विभाग)
ता. दारव्हा, जि. यवतमाळ